पिकअपचा डिझेल पंप बदलायचाय? आधी एवढं तपासा, मग पंप निवडा

ज्या तक्रारींवरून "पंप गेला, नवीन बसवा" असं सांगितलं जातं, त्या बहुतेक अशा असतात :

- सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर नाही.
- उलट प्रकार : थंड असताना एका सेल्फला चालू होते, पण तापल्यावर बंद केली की थंड होईपर्यंत उठत नाही.
- सपाटीला पळते, लोड घेऊन चढाला लागली की ओढ जाते.
- आयडलिंगला आरपीएम वर-खाली होतो, हंटिंग करते.
- चालता चालता बंद पडते, थोडा वेळ थांबलं की परत चालू.
- काळा किंवा पांढरा धूर.
- पंपाचं अंग डिझेलने ओलं, किंवा डिपस्टिकवर इंजिन ऑइल आपोआप वाढलेलं.

यातलं शेवटचं सोडलं तर एकाही लक्षणावरून थेट पंपाला दोष देता येत नाही. टाकीचं झाकण, फिल्टरची वायसर, सोलेनॉइडची (चावीने डिझेल चालू-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर, बॅटरी, टर्बोचा पाइप, नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा भाग) यातलं काहीही बिघडलं तरी गाडी हेच रडगाणं गाते. पंप ही या रांगेतली सगळ्यात महाग वस्तू. त्यामुळे तो रांगेत शेवटी तपासायचा.

आणि दुसरी गोष्ट. पंप खरंच गेला असेल तर तो कशाने गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ज्या घाणीने किंवा पाण्याने जुना खाल्ला, ती टाकीत तशीच असते. नव्यालाही ती तेवढ्याच आवडीने खाते.

मी इथे मुख्यतः मेकॅनिकल पंपाबद्दल लिहितोय, म्हणजे जुन्या महिंद्रा डीआय पिकअप, टाटा २०७ डीआय वगैरे बीएस-३ (भारत स्टेज, धुराच्या प्रदूषणाचे नियम) पर्यंतच्या गाड्या. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं आणि त्यानंतरच्या पिकअप जवळजवळ सगळ्या कॉमन रेलच्या (रेल नावाच्या एका सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल देणाऱ्या) आहेत. त्यांचं खाली वेगळं लिहिलंय, कारण त्यांच्यावर यातले काही प्रयोग करायचेच नाहीत.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सगळ्यात आधी डिपस्टिक काढा. ऑइलची लेव्हल वर गेली असेल, ऑइल पातळ झालं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी तिथेच बंद ठेवा. गिअरवर चालणाऱ्या पंपाचं शाफ्टचं सील गेलं की डिझेल टायमिंग कव्हरमधून थेट इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. पातळ ऑइलवर गाडी ओढली तर बेअरिंग जातात, क्रँक जातो, आणि मग पंपाचा खर्च किरकोळ वाटायला लागतो. "गावापर्यंत नेतो मग बघू" हे इथे चालत नाही.

ऑइल ठीक असेल तर टाकीचं झाकण. गाडी ओढ सोडू लागली की थांबून झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी परत पळायला लागली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. डिझेल जेवढं खेचलं जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. नाही आली तर आत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. चिखलाच्या शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

मग बॅटरी आणि सेल्फ. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेवर पेटतं. सेल्फने इंजिन जोरात फिरवलं नाही तर ती उष्णताच तयार होत नाही, आणि पंपही हळू फिरल्यामुळे पुरेसं डिझेल देत नाही. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावा. १० व्होल्टच्या खाली पडत असेल तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग बघा. इंजिनाची अर्थिंग पट्टी गंजलेली असते आणि बिचाऱ्या पंपावर आळ येतो.

एअर फिल्टर काढून झटका. काळा धूर आणि ओढ कमी असेल तर कारण इथे असण्याची शक्यता मोठी आहे. टर्बोच्या गाडीत टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या होजवर हात फिरवा, क्लिपच्या कडेला चीर शोधा. चीर बंद गाडीला दिसत नाही. दुसऱ्याला रेस द्यायला सांगा, मग हवा हाताला लागते. पंखा आणि पट्ट्यांपासून हात लांब ठेवा.

फिल्टर, पाणी आणि सोलेनॉइड

डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा थर बसला, तर पंपाच्या तक्रारीचं मूळ सापडलं. रोटरी पंपाला (एकाच फिरत्या प्लंजरने सगळ्या नोझलना डिझेल देणारा प्रकार) इंजिन ऑइल मिळत नाही. त्याच्या आतल्या सगळ्या भागांचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेलच. हेडमध्ये प्लंजर इतका घट्ट बसवलेला असतो की मध्ये सील वगैरे काही नसतं, धातूला धातू. तिथे पाणी गेलं की गंज आणि ओरखडे, रॉकेल किंवा पेट्रोल गेलं की कोरडं घासणं. आपल्याकडच्या डिझेलच्या वंगणक्षमतेला मानकात मर्यादा घालून दिलेली आहे (एचएफआरआर चाचणीत झीज ४६० मायक्रॉनपेक्षा जास्त नको), पण ती पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलला. हायवेच्या कडेला टँकरमधून "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात विकतात त्याला काही मर्यादा नाही. लिटरमागे वाचवलेले पैसे पंपरूमवाल्याला (डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याला) मिळतात, एवढाच फरक.

फिल्टर बदलायचाच असेल तर चांगल्या कंपनीचा घ्या आणि रबर वायसर नवी टाका. जुनी वायसर परत बसवली की तिथूनच एअर घेते.

इंजिन अजिबात उठत नसेल किंवा चालता चालता एकदम बंद पडत असेल तर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड बघा. चावी ऑन-ऑफ केली की तिथे स्पष्ट "टक्" आवाज यायला हवा. नसेल येत तर त्याची वायर काढून बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट वायर लावा. आता टक् झालं आणि गाडी चालू झाली, तर पंप, सोलेनॉइड दोघंही निर्दोष. दोष फ्यूजमध्ये, चावीच्या स्विचमध्ये किंवा हादऱ्याने तुटलेल्या वायरमध्ये. खड्ड्यात गाडी आपटली की बंद पडते, अशी तक्रार असली तर मी सगळ्यात आधी ही वायर धरतो. थेट वायर लावून गाडी चालवत राहू नका. चावीने गाडी बंद होणार नाही.

एअर घेते का?

यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पंप इथेच विनाकारण उतरवले जातात.

टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ही ओढणारी लाइन आहे. डिझेल दाबाने बाहेर येतं तिथे ओल दिसते, डाग पडतो. पण ओढणाऱ्या लाइनला बारीक चीर असली तर तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. म्हणून "कुठे लिकेज नाही" हे उत्तर इथे कामाचं नाही. रात्रभर उभी राहिली की हीच हवा आत येते आणि लाइनमधलं डिझेल परत टाकीत उतरतं. सकाळी लांब सेल्फ लागतो तो त्यामुळे. गाडी चढावर, तोंड वर करून उभी केल्यावर त्रास जास्त आणि उतारावर तोंड करून उभी केल्यावर कमी होत असेल, तर पंपापेक्षा लाइनवर संशय घ्या.

खात्री करायला पंपाच्या इनलेटपाशी रबर होज काढून तिथे वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप लावा. इंजिन चालू करा आणि बघत बसा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे जातील, ते लावताना शिरलेले. त्यानंतर स्वच्छ, न तुटणारी धार दिसायला हवी. मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक बुडबुडे सतत जात राहिले तर हवा कुठूनतरी येतेय. मग मागे मागे जायचं : फिल्टरचं डोकं, हँड प्रायमर, बॅन्जो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वायसर, चासीला घासलेली नळी, टाकीवरचा जोड. तांब्याची वायसर एकदा दाबली गेली की तिचं काम संपलं. ती जाळून परत बसवण्यापेक्षा नवी घ्या, किंमत ती काय असते.

बुडबुडे नाहीत पण धार बारीक आहे, रेस दिली की पाइप आत चिमटतो, असं झालं तर मागे कुठेतरी अडलंय. फिल्टर, नाहीतर टाकीतली जाळी. आळेफाट्याकडून माळशेज उतरून कल्याणला माल टाकणाऱ्या एका गाडीची अशी तक्रार होती : जाताना कधी बंद पडत नाही, रिकामी परत येताना घाट चढला की पडते. तिचा पंप दोनदा पंपरूमला जाऊन आला होता. टाकी उतरवली तेव्हा आत डिझेलच्या कॅनच्या तोंडावरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा तरंगत होता. जाताना टाकी भरलेली, येताना तळाला आलेली. डिझेल कमी झालं की पापुद्रा जाळीला चिकटायचा, गाडी बंद पडली की सुटायचा.

कॅनची चाचणी

एवढं करूनही कळत नसेल तर ही चाचणी करा. माझ्या मते पंप उतरवण्याआधी ही केलीच पाहिजे.

पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं चांगलं डिझेल घ्या. कॅन पंपापेक्षा उंचावर, एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब, घट्ट बांधा. कॅनमधून नवा होज मध्ये एक छोटा लाइन फिल्टर घेऊन थेट पंपाच्या इनलेटला जोडा. रिटर्नचा होजही त्याच कॅनमध्ये सोडा. एअर काढा, गाडी चालू करा. रिकाम्या जागेत उभ्या उभ्या रेस देऊन बघा. कॅन बॉनेटखाली घेऊन रस्त्यावर फिरू नका, आगीशी खेळ नको.

तक्रार गेली, तर दोष टाकीपासून फिल्टरपर्यंत आहे, पंप सोडून द्या. तक्रार तशीच राहिली, तर आता पंप, नोझल, टायमिंग किंवा इंजिनाचं कॉम्प्रेशन एवढेच उरले.

आऊटचा बोल्ट

पंपाचं काम नुकतंच झालं असेल आणि त्यानंतर गाडी उठून लगेच बंद पडत असेल किंवा ओढत नसेल, तर इनलेट आणि रिटर्नचे बॅन्जो बोल्ट अदलाबदल झालेत का बघा. बॉशच्या व्हीई प्रकारच्या रोटरी पंपात दोन्ही बोल्ट बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजीत आऊट लिहिलेलं असतं आणि उजेडात धरून बघितलं तर आतलं भोक सुईच्या जाडीचं दिसतं. इनलेटच्या बोल्टला मोठी भोकं असतात.

ते बारीक भोक उगीच नाही. पंपाच्या आत एक छोटा व्हेन पंप आहे, तो बॉडीत काही बारचा दाब धरून ठेवतो आणि आरपीएमबरोबर तो दाब वाढतो. याच दाबावर टायमिंगचा पिस्टन पुढे सरकतो. रिटर्नला मोठ्या भोकाचा बोल्ट लावला की दाब निसटतो, टायमिंग पुढे जात नाही. इनलेटला बारीक भोकाचा लावला की पंप उपाशी. दहा मिनिटांचं काम, आणि यासाठी लोक पंप परत पंपरूमच्या तपासणीच्या बेंचवर चढवतात.

तापल्यावर चालू होत नसेल तर

कॅनची चाचणी झाली, सेल्फ जोरात फिरतो, सोलेनॉइड ठीक, तरी गरम इंजिन उठत नाही. आता ओलं फडकं घ्या, पंपाच्या हेडवर, म्हणजे जिथून नोझलचे चार पाइप निघतात तिथे गुंडाळा आणि थोडा वेळ थांबा. गरम पंपावर बादलीने पाणी ओतू नका, तो प्रकार काही जण करतात. फडक्याने हेड थंड झाल्यावर गाडी पटकन उठली, तर हेड-रोटर (हेड आणि त्यात फिरणारा प्लंजर) झिजलंय. गरम डिझेल पातळ होतं, सेल्फच्या कमी आरपीएमला झिजलेल्या प्लंजरच्या कडेने निसटतं आणि नोझल उघडण्याएवढा दाब बनत नाही. थंड डिझेल जरा घट्ट, म्हणून बनतो.

इथे मात्र पंप खरंच उतरवायचा. सील किट टाकून हे सुटत नाही.

इथे थांबा, पंपरूम किंवा जाणकाराला बोलवा

खालीलपैकी काही दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका.

फिल्टरच्या डिझेलमध्ये किंवा पंपाच्या इनलेटच्या जाळीवर चांदीसारखा चुरा. पांढऱ्या वाटीत डिझेल घेऊन उन्हात हलवा, चमक लगेच दिसते. पंप आतून खातोय.

इंजिन आपोआप रेस घेतंय, चावीने बंद होत नाही. गव्हर्नरचा (आरपीएम ताब्यात ठेवणाऱ्या भागाचा) खेळ हा रस्त्यावर सोडवायचा नाही. आधी माणसं लांब करा.

पंपाचं हेड, वरचं गव्हर्नरचं कव्हर किंवा तार-शिशाचं सील केलेला स्क्रू उघडायची वेळ आली. या स्क्रूने डिझेल वाढवून "गाडी ओढायला लागते" हे खरं आहे. त्यानंतर काळा धूर, तापलेला टर्बो, कधी जळलेला पिस्टन, हेही खरं आहे, आणि पीयूसीलाही ती गाडी पास होत नाही.

टायमिंग कव्हर काढून गिअर हलवायचा आहे, किंवा चारही नोझल आणि पंप ठीक असून पांढरा धूर आहे. मग कॉम्प्रेशन तपासणारा माणूस हवा.

नोझलच्या पाइपमधून बारीक फवारा दिसतोय तर बोट लावून बघू नका. नोझल उघडायलाच दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. तो फवारा कातडीतून आत जातो, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून हात सडू शकतो. असं झालं तर मलमपट्टी करत बसू नका, थेट हॉस्पिटल. पुठ्ठ्याचा तुकडा धरून लिकेज शोधा.

आता पंप कोणता घ्यायचा

पंप गेल्याची खात्री झाली. दुकानात जाऊन "अमुक पिकअपचा पंप द्या" म्हणू नका. एकाच मॉडेलमध्ये टर्बो, बिनटर्बो, बीएस-२, बीएस-३ असे वेगवेगळे पंप बसलेले असतात आणि बाहेरून भावंडं वाटतात. पंपाच्या अंगावर छोटी प्लेट असते. वायर ब्रशने हलकं घासून, मोबाईलने तिचा फोटो काढा.

बॉशच्या रोटरी पंपावर दोन गोष्टी वाचायच्या. एक दहा आकडी नंबर. जुन्या व्हीई पंपांचा बहुधा ० ४६० ने सुरू होतो. दुसरा प्रकाराचा कोड, म्हणजे समजा "व्हीई ४/११ एफ १८०० आर" आणि पुढे काही आकडे. यात ४ म्हणजे चार सिलिंडर, ११ म्हणजे प्लंजरचा व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे वजनांवर चालणारा मेकॅनिकल गव्हर्नर, १८०० हे पंपाचे आरपीएम. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिनाचे ३६००. शेवटचं आर किंवा एल म्हणजे शाफ्टच्या बाजूने बघितल्यावर पंप कुठल्या दिशेने फिरतो ते. आर तिथे एल बसतच नाही. पुढचे आकडे हा त्या इंजिनासाठी केलेला खास नमुना असतो आणि खरी गोम तिथेच आहे. व्यास, दिशा, आरपीएम सगळं जुळूनही आतली कॅम प्लेट, गव्हर्नरची स्प्रिंग आणि टायमिंगचा पिस्टन वेगळा असू शकतो.

म्हणून नियम एकच : दहा आकडी नंबर तंतोतंत जुळला पाहिजे, किंवा कंपनीच्याच यादीत "याच्या बदली हा" असं लिहिलेलं पाहिजे. दुकानदार "बसतो बसतो" म्हणतोय हे पुरेसं नाही. बसतो सगळाच, चालतो का ते विचारा.

नंबर जुळला तरी डोळ्यांनी तीन गोष्टी ताडून बघा. टर्बोच्या गाडीच्या पंपावर वर डबीसारखा भाग असतो, त्याला मॅनिफोल्डवरून बूस्टचा (टर्बोच्या हवेच्या दाबाचा) पाइप येतो. बूस्ट वाढला की तो डिझेल वाढवतो. ही डबी नसलेला पंप टर्बो इंजिनाला लावला तर एकतर ओढ येणार नाही, नाहीतर खालच्या आरपीएमला काळा धूर. सोलेनॉइड १२ व्होल्टचा आहे ना, हे वाचा. मोठ्या ट्रकचे २४ व्होल्टचे असतात. आणि रेसचा लिव्हर त्याच बाजूला, त्याच कोनात आहे ना.

लाइन पंप असेल, म्हणजे चार एलिमेंट एका रांगेत, तर गोष्ट जरा सोपी. त्याचा कॅम-शाफ्ट ऑइलमध्ये चालतो, तो घाण थोडी जास्त सोसतो, आणि एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह सुटे बदलता येतात. त्याचा पूर्ण पंप बदलायची वेळ क्वचित येते.

कुठला पर्याय घ्यायचा, याबद्दल माझं मत.

फक्त ओल आहे, चालण्यात काही तक्रार नाही : आपलाच पंप, सील किट. शाफ्टच्या बुशला खेळ आहे का ते मात्र बघायला सांगा; बुश झिजली असेल तर नवं सीलही लवकरच जातं.

हेड-रोटर गेलंय, बॉडी आणि शाफ्ट चांगला : आपलाच पंप, अस्सल हेड-रोटर, बेंचवर कॅलिब्रेशन (डिझेलची मापं जुळवणं). जुन्या पिकअपसाठी बहुतेकदा हाच सौदा शहाणपणाचा, कारण नंबर जुळवायची कटकट नाही.

आत चुरा झालाय, कॅम प्लेट, रोलर, बॉडी सगळ्याला ओरखडे : दुरुस्तीचा हिशोब नव्या पंपाच्या जवळ जातो. मग नवा किंवा कंपनीचा एक्स्चेंज पंप. बॉशचे रोटरी पंप जयपूरच्या कारखान्यात बनत आले आहेत, नाशिकच्या सातपूरला नोझल आणि इंजेक्टर. तेव्हा अधिकृत डीलरकडे बिलावर चौकशी करायला परदेशातून मागवण्याची गरज नसते.

भंगारातला पंप : गाडी महिनाभर ढकलून विकायची असेल तर ठीक. उघड्यावर पावसात पडलेल्या पंपात डिझेल सुकून गंज धरतो, बाहेरून काही दिसत नाही. घेतलाच तर पैसे द्यायच्या आधी बेंचवर लावायची अट घाला.

बिननावाचा, निम्म्या किमतीचा "नवा" पंप : मी लावत नाही. गिऱ्हाईक आणून देतं तेव्हाही आधी बेंचवर चढवायला सांगतो.

कुठलाही पंप घ्या, कॅलिब्रेशनची चिठ्ठी मागा. सेल्फच्या आरपीएमला, आयडलिंगला, मधल्या लोडला, जास्तीत जास्त आरपीएमला आणि कट-ऑफला किती डिझेल दिलं, चारही आऊटलेट सारखे आहेत का, बूस्ट दिल्यावर किती वाढलं. सेल्फच्या आरपीएमचा आकडा लोक बघत नाहीत, पण गरम स्टार्टिंगची तक्रार परत येणार की नाही हे तोच सांगतो. जो पंपरूमवाला चिठ्ठी देत नाही, "गाडीवर सेट करू" म्हणतो, तिथे पंप ठेवू नका. पंपाबरोबर नोझलही तपासून प्रेशर सेट करून घ्या. नव्या पंपाला जुनी टपकणारी नोझल लावली तर धूर तोच राहतो आणि भांडण पंपाचं होतं.

बसवताना

पंप उतरवायच्या आधी इंजिन टीडीसीला (पहिला पिस्टन सगळ्यात वर) आणा, गिअरच्या खुणा रंगाने मारून ठेवा, पंपाच्या फ्लँजवर आणि ब्रॅकेटवर सरळ रेघ मारा. नवा पंप त्या रेघेवर बसवणं ही फक्त सुरुवात. रोटरी पंपाचं अंतिम टायमिंग हेडच्या मधला प्लग काढून डायल गेज लावून, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या लिफ्टवर करायचं. "आवाजावर" केलेलं टायमिंग मोकळ्या गाडीला गोड लागतं, लोडला नाही.

टाकी उतरवून धुवा. जाळी, लाइन, दोन्ही बाजूंचे होज साफ. फिल्टर नवा. हे न करता बसवलेल्या पंपाची वॉरंटी कोणी देत नाही, आणि त्यांचं चूकही नाही.

पंप कोरडा फिरवू नका. इनलेटमधून स्वच्छ डिझेल भरा, प्रायमर मारत फिल्टरवरचा एअर स्क्रू सोडून बुडबुडे संपेपर्यंत एअर काढा, मग नोझलचे नट सैल करून सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये थांबा. टोचन करून, ढकलून चालू करायचा मोह टाळा.

कॉमन रेलची पिकअप असेल तर

नोझलचा नट सैल करून बघणं इथे बंद. रेलमध्ये एक हजार बारच्या वर दाब जातो आणि इंजिन बंद केल्यावरही काही वेळ दाब राहू शकतो. झाकण, फिल्टर, पाणी, बॅटरी, हवेचे होज एवढंच तुम्ही तपासा. कॅनची चाचणीही तंत्रज्ञाकडून, कारण काही गाड्यांत टाकीतला इलेक्ट्रिक पंप दाबाने डिझेल पाठवतो.

बाकी स्कॅनर. पी००८७, म्हणजे रेलचा दाब कमी, हा कोड आला की पंप बदलायला सांगतात. आधी दोन गोष्टी करून घ्या. इंजेक्टरच्या रिटर्नची मापं : चार बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत टाकतोय ते दिसतं, एक गळका इंजेक्टर सगळा दाब खातो. दुसरं, पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह. डेन्सोच्या पंपात तो सुटा मिळतो, आणि अडकलेल्या व्हॉल्व्हने हंटिंग आणि बंद पडणं दोन्ही होतं. पंपापेक्षा किती तरी स्वस्त.

पंप बदलावाच लागला तर इथेही नंबरच. बॉशचा पंप बहुधा ० ४४५ ने सुरू होतो. पण आत चुरा झाला असेल तर एकटा पंप बदलून भागत नाही. रेल, इंजेक्टर, पाइप, रिटर्न, टाकी, सगळीकडे तो पसरलेला असतो. अमेरिकेत २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्स पिकअपमधला सीपी-४ पंप याच कारणासाठी बदनाम झाला : पंप फुटला की पूर्ण इंधन यंत्रणा बदलायचं बिल यायचं. तिकडच्याच १९९८ ते २००२ च्या डॉज रॅम कमिन्समध्ये व्हीपी-४४ पंप जायचा तो बऱ्याचदा त्याला डिझेल पुरवणारा छोटा लिफ्ट पंप मरतुकडा झाल्यामुळे. लिफ्ट पंप तसाच ठेवून नवा व्हीपी-४४ बसवणाऱ्यांना तो परत बदलावा लागला.

बसवून झाल्यावर

पहिल्या दिवशी पंपाचं अंग कोरडं पुसून ठेवा आणि लोडच्या फेरीनंतर परत हात फिरवा. डिपस्टिकची लेव्हल लिहून ठेवा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. पाचशे किलोमीटरच्या आसपास फिल्टरचं डिझेल परत एकदा पांढऱ्या वाटीत काढा. धुऊनही टाकीत राहिलेली घाण एव्हाना तिथे येते. फिल्टर काळा वाटला तर बदलून टाका.

आणि जुना पंप दुकानदाराला लगेच देऊन टाकू नका. लोड घेऊन घाट चढून-उतरून गाडी परत आली की मग द्या. तोवर त्याची प्लेट, सोलेनॉइड, बूस्टच्या पाइपचा युनियन, लिव्हरची स्प्रिंग यातलं काहीतरी ताडून बघायला लागतंच. एक्स्चेंजचा भाव ठरवताना बॉडी फुटलेली नाही आणि शाफ्ट फिरतो एवढं त्याच्यासमोर दाखवा आणि बिलावर जुन्या पंपाचा नंबर लिहून घ्या.